लावलेली धार चार दिवसांत का जाते? विजेचे यंत्र की हातचे साधन, हे ठरवण्यापूर्वी

सुरीला धार लावली की दोन दिवस टोमॅटो सुरेख चिरला जातो. मग आठवडा उलटायच्या आतच साल दबू लागते आणि रस सुटतो, पण पाते काही आत शिरत नाही. ही तक्रार नाशिकमधल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत आहे. त्यावर उपाय म्हणून भांडीबाजारातून खाचेत सुरी ओढायचे छोटे साधन आणले जाते, त्याने भागले नाही की विजेवर चालणारे यंत्र मागवले जाते, आणि काही दिवसांनी तेही कपाटात जाऊन बसते. हातचे घ्यावे की विजेचे, असे मला अनेक जण विचारतात. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये हत्यारांना धार लावण्याचे काम मी केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. धार कोणत्या कारणाने जाते हे आधी कळले पाहिजे, कारण एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणासाठी वापरला तर दोष तसाच राहतो आणि पाते मात्र झिजत जाते.

आधी धार नीट पाहावी

ट्यूबलाइटखाली किंवा बल्बखाली सुरी अशी धरावी की धार वरच्या बाजूला, आपल्या डोळ्यांसमोर येईल, आणि मूठ हळूहळू हलवत धारेच्या रेषेकडे पाहावे. चांगली धार इतकी अरुंद असते की तिच्यावरून उजेड परतत नाही, म्हणून ती दिसतच नाही. जिथे सलग पांढरी रेघ चमकेल तिथे धार झिजून सपाट झालेली असते, आणि जिथे सुटे ठिपके चमकतील तिथे खांडा पडलेला असतो किंवा धार एका बाजूला वळलेली असते. त्यानंतर बोटाचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे नेऊन धारेबाहेर काढावे. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. एका बाजूने बोट अलगद निसटते आणि दुसऱ्या बाजूने काहीतरी अडते, असे जाणवले तर धातूची कड त्या दुसऱ्या बाजूला झुकलेली आहे. असे काही दिवसांच्या वापरानंतर जाणवले तर धार वळली आहे असे समजावे. धार लावल्या लावल्याच जाणवले तर धार लावण्याचे काम अर्धवट राहिले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

वळलेली धार ही गेलेली धार नव्हे. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी साध्या स्टेनलेस पोलादाच्या सुऱ्या असतात आणि ते पोलाद तुलनेने मऊ असते. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचे पोलाद रॉकवेल मापावर साधारण 56 ते 58 इतके कठीण असते आणि जपानी सुऱ्यांचे 60 किंवा त्याहून पुढे. साध्या सुऱ्या या दोन्हींच्या खालीच असतात. मऊ पोलादाची धार दाबाखाली तुटत नाही, ती दुमडते. धातू जागेवरच असतो, फक्त त्याची दिशा बदललेली असते, आणि म्हणून तिथे घासून धातू काढण्याचे काहीच कारण नसते. धार सरळ करायला मिळणाऱ्या पोलादी सळईचे टोक ओट्यावर घडी घातलेल्या ओल्या फडक्यावर उभे टेकवावे, सुरी सळईशी साधारण 20 अंशांत धरावी आणि मुठीकडून टोकापर्यंत प्रत्येक बाजूने चार-पाच हलके हात द्यावेत. जोर लावायचा नाही. सुरीच्या स्वतःच्या वजनाइतका दाब पुरतो. ज्या घरात दर आठवड्याला सुरी यंत्रातून काढली जाते, त्या घरात या सळईने निम्म्याहून अधिक वेळा काम भागेल, अशी माझी खात्री आहे. जपानी पद्धतीच्या कठीण सुरीला मात्र ही पोलादी सळई लावू नये, कारण तिची धार दुमडण्याऐवजी कपचे उडून तुटते. तिच्यासाठी सिरॅमिकची सळई किंवा बारीक दगडच योग्य.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, आणि चार दिवसांत धार जाण्याच्या तक्रारीमागे बहुधा तेच असते. पाते एका बाजूने घासले की धारेवर धातूचा अतिशय पातळ पापुद्रा विरुद्ध बाजूला उभा राहतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्याला बर म्हणतात. हा पापुद्रा कागद कापतो, टोमॅटोही कापतो, त्यामुळे धार लागली असे वाटते. प्रत्यक्षात आपण धारेने कापत नसून धारेला चिकटून राहिलेल्या तारेने कापत असतो. पहिल्या एक-दोन किलो कांद्यांत ती तार दुमडते किंवा तुटून पडते, आणि ती गेली की खाली उरते ती जाड, फाटकी कड. खाचेत ओढायच्या साधनांत आणि घाईने चालवलेल्या विजेच्या यंत्रांतही हा दोष राहतो, कारण वापरणारा माणूस खरखरीत टप्प्यावरच थांबतो. पापुद्रा काढण्यासाठी शेवटी दाब कमी करत करत, प्रत्येक बाजूने आलटून पालटून एकेकच हात द्यावा, आणि मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाते पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे राहील असे, ओढावे. पट्टा नसेल तर सपाट फळीवर वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या तरी चालते. त्यानंतर पुन्हा बोटाचे पेर पाठीकडून धारेबाहेर काढून पाहावे. दोन्ही बाजूंनी सारखेच लागले तर काम पुरे झाले.

कांद्याचा उल्लेख आला म्हणून एक खूण सांगतो, जी लासलगाव आणि पिंपळगावच्या कांद्यावर वाढलेल्या आपल्या घरांत सहज उपयोगी पडेल. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतील विकर आणि गंधकयुक्त घटक एकत्र येऊन डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी पेशी चिरण्याऐवजी चेचते, त्यामुळे जास्त पेशी फुटतात आणि जास्त वायू सुटतो. त्याच पोत्यातला कांदा चिरताना डोळ्यांना कालच्यापेक्षा जास्त पाणी येऊ लागले, तर कांद्याला दोष देण्यापूर्वी सुरी उजेडाखाली धरून पाहावी.

ओटा, ताट आणि घासणी

धार योग्य रीतीने लावली आहे, पापुद्रा काढला आहे, तरीही ती टिकत नाही, असे असेल तर सुरी कशावर चालते ते पाहावे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असते आणि त्याची कठिणता मोह्स मापावर 7 आहे. सुरीचे पोलाद त्यापेक्षा मऊ असते. थेट ओट्यावर कोथिंबीर चिरण्याची सवय अनेकांना आहे, आणि दोन-तीन जुड्या चिरल्या की धार ओट्याने खाल्लेली असते. स्टीलच्या ताटात लिंबू कापणे, काचेच्या फळीवर भाजी चिरणे यांचाही परिणाम तोच. लाकडी फळी किंवा साधी प्लॅस्टिकची फळी वापरावी, आणि चिरलेली भाजी धारेने ओढून कढईत लोटण्याऐवजी सुरी उलटी करून पाठीने लोटावी. तारेच्या घासणीने धार घासू नये, आणि चमच्यांच्या खणात सुरी उघडी टाकू नये. लिंबू, चिंच किंवा मीठ लागलेली सुरी रात्रभर बेसिनमध्ये पडली तर धारेवर सूक्ष्म गंज धरतो. स्टेनलेस सुरीलाही तो धरू शकतो, आणि लोखंडी विळीला तर हमखास धरतो. हे सारे बदलले नाही, तर कितीही महागडे यंत्र आणले तरी तक्रार परत येणारच.

कोन जुळत नसेल तर

सुरी यंत्रातून अनेक वेळा काढूनही धार येतच नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा कोनाचा घोळ असतो. प्रत्येक सुरीच्या धारेला एक उतार दिलेला असतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या सुऱ्यांत तो प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश, तर जपानी पद्धतीच्या सुऱ्यांत साधारण 15 अंश असतो. यंत्राची खाच मात्र ठरावीक कोनाचीच असते. सुरीचा उतार 20 अंशांचा आणि खाच 15 अंशांची असेल, तर चाक उताराच्या वरच्या कडेला घासत राहते आणि टोकाच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. धारेच्या दोन्ही उतारांवर मार्करने काळी शाई लावावी, सुरी एक-दोनदा यंत्रातून काढावी आणि पाहावे. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल तर कोन जुळतो. कडेला काळी रेघ शिल्लक राहिली असेल तर अजून बराच धातू निघेपर्यंत धार लागणार नाही, आणि मध्येच थांबले की पूर्वीइतकीच बोथट सुरी हातात राहते.

याच्याच शेजारचा एक दोष क्वचितच कोणी ओळखतो. सुरी कागद सरळ कापते, पण गाजर चिरताना गाजर मध्येच तडकते, आणि बटाट्यात पाते पाचरीसारखे अडते. ही सुरी बोथट नसते, जाड झालेली असते. पाते धारेपासून पाठीकडे जाड होत जाते. वर्षानुवर्षे फक्त कड घासली जाते आणि धार पात्याच्या जाड भागात सरकत जाते. घरगुती यंत्राची ठरावीक खाच, मग ती विजेची असो वा हातची, हा दोष दूर करू शकत नाही, कारण ती फक्त कडच घासते. त्यासाठी सुरी दगडावर जवळजवळ आडवी धरून धारेच्या मागचा भाग पातळ करावा लागतो.

मग कोणते साधन?

खाचेत ओढायची स्वस्त साधने टंगस्टन कार्बाइडच्या दोन पट्ट्यांनी धातू अक्षरशः खरवडून काढतात. पोलादापेक्षा कार्बाइड कितीतरी कठीण असल्याने दोन-चार ओढींतच काम झाल्यासारखे वाटते, पण कड फाटकी राहते. साध्या, स्वस्त सुरीसाठी, तेही क्वचित, आणि शेवटी सिरॅमिकच्या खाचेतून हलके हात देऊन, हे साधन वापरायला माझी हरकत नाही. चांगल्या सुरीला ते लावू नये. दातेरी सुरी तर या खाचेतही घालू नये आणि यंत्रातही. तिचे दाते झिजून ती निकामी होऊ शकते.

विजेच्या यंत्रात बारीक कण बसवलेली चाके फिरतात, चांगल्या यंत्रांत त्यांवर हिऱ्याची पूड असते, आणि खरखरीत ते गुळगुळीत असे दोन-तीन टप्पे असतात. कोन सांभाळण्याची जबाबदारी यंत्र घेते, हा त्याचा खरा गुण आहे. सांधेदुखीमुळे ज्यांच्याकडून दगडावर हात चालत नाही त्यांच्यासाठी, किंवा जिथे एकाच प्रकारच्या आठ-दहा सुऱ्या रोज राबतात अशा खानावळीसाठी, हे यंत्र घ्यावे असे मी आवर्जून सांगतो. मात्र त्याची खोट सावकाश दिसते. गंगापूर रोडवरच्या एका नातेवाइकांची सुरी मी पाहिली होती. ती फळीवर ठेवली की मुठीजवळ पाते फळीला टेकत नव्हते आणि त्या फटीतून उजेड दिसत होता. कोथिंबीर चिरली की त्या भागातल्या काड्या तुटायच्या नाहीत, एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या राहायच्या. सुरी खाचेत ठेवल्यावर क्षणभर थांबून, दाब देऊन मग ओढण्याच्या सवयीमुळे चाकाने सुरुवातीच्या जागी खळगा पाडला होता. सुरी खाचेत उतरवतानाच ओढायला सुरुवात करावी, वेग एकसारखा ठेवावा, दाब देऊ नये, आणि टोक चाकावर थांबू न देता त्याच लयीत बाहेर काढावे. थांबले तर टोक गोल होते. मुठीजवळ जाड पोलादाचा ठोकळा असलेल्या सुऱ्यांत शेवटचा भाग चाकापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे हा खळगा लवकर पडतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा घरांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. तिथले यंत्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी बनवलेले असते, तर आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असतात. फक्त पिनचा अडॅप्टर लावून ते सुरू केले तर मोटर जळते. यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर 230 किंवा 240 व्होल्ट लिहिले असल्याखेरीज ते लावू नये.

सर्वसाधारण घरासाठी माझी निवड स्पष्ट आहे: एका बाजूने सुमारे 400 (खरखरीत) आणि दुसऱ्या बाजूने सुमारे 1000 (बारीक) क्रमांकाचा दुहेरी दगड, आणि जोडीला सळई. कोन सांभाळणे जमत नाही ही त्यावरची नेहमीची तक्रार, पण त्याला सोपे माप आहे. सुरीची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उंच धरली की कोन साधारण 20 अंश होतो, एक चतुर्थांश धरली की साधारण 15 अंश. म्हणजे 3 सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ 1 सेंटिमीटर उचलायची. सुरुवातीला तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा शेजारी ठेवून नजर बसवावी. 1000 क्रमांकाच्या बाजूवर पाते एकाच बाजूने घासत राहावे, आणि विरुद्ध बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग पापुद्रा लागेपर्यंत बाजू बदलू नये. मध्येच कुठे पापुद्रा नसेल तर तिथे धार पोहोचलेली नाही. खरखरीत बाजू फक्त खांडे काढायला किंवा पाते पातळ करायला वापरावी. पाण्याच्या दगडावर पाणीच आणि तेलाच्या दगडावर तेलच वापरावे. एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी धरत नाही. दगड मध्यभागी खोलगट झाला की कोन आपोआप बिघडतो, म्हणून त्याला अधूनमधून खडबडीत शहाबादी फरशीवर पाणी टाकून घासावे आणि सपाट करून घ्यावे. दगड अजून आणलेला नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, झिलई नसलेली खरखरीत कड हीसुद्धा तात्पुरते चांगले काम देते. घरातल्या मोठ्या बायका सुरी तिच्यावर घासतात, ते अगदी योग्य आहे.

विळीसाठी तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. तिचे पाते वक्र असते आणि पाटाला जखडलेले असते, त्यामुळे ते कोणत्याही यंत्राच्या खाचेत जात नाही. पाट भिंतीला टेकवून पक्का करावा, हातात जाड मोजा घालावा, आणि छोटा दगड बुडाकडून टोकाकडे, पात्याच्या वळणाबरोबर फिरवावा. ज्या बाजूला जसा उतार आहे तसाच ठेवावा, आणि शेवटी विरुद्ध बाजूने दोन हलके हात देऊन पापुद्रा काढावा. टोकाच्या खवणीला दगड लावू नये. तिच्या दात्यांना बारीक तिकोनी कानसच लागते. हीच खबरदारी द्राक्षबागेतल्या छाटणीच्या कात्रीबाबतही घ्यावी. ऑक्टोबर छाटणीच्या आधी घाईत ती सुरीच्या खाचेतून ओढली तर तिचा एका बाजूचा उतार दोन्ही बाजूंना होतो, आणि मग ती काडी कापण्याऐवजी चिरडते.

दारावर येणाऱ्या धारवाल्याबद्दलही अनेक जण विचारतात. हात सांभाळून, कमी वेगाने चाक फिरवणारा धारवाला उत्तम काम करतो आणि त्याच्याकडे विळी व कात्री निर्धास्त द्यावी. मात्र मोटरच्या कोरड्या चाकावर ठिणग्यांचा सडा पाडत पाते दाबले जात असेल तर तिथे आपली सुरी देऊ नये. साध्या कार्बन पोलादाचे पाते साधारण 300 अंश सेल्सिअसला निळे पडते, आणि कडक केल्यानंतर ठिसूळपणा घालवण्यासाठी ज्या तापमानाला ते पुन्हा तापवलेले (टेंपर केलेले) असते ते बहुधा याच्या बरेच खाली असते. निळ्या पडलेल्या भागाची कठिणता उतरलेली असते आणि तिथे धार टिकत नाही. विळीच्या कडेला असा निळसर जांभळा पट्टा दिसला, तर तो भाग दगडावर सावकाश घासून पूर्ण काढल्याशिवाय तक्रार थांबणार नाही.

हे सगळे तपासून झाले, कोन जुळला, पापुद्रा निघाला, फळी लाकडी आहे, पाते कुठेही तापलेले नाही, आणि तरीही साध्या सुरीची धार दोन दिवसांत उजेडाखाली सलग चमकू लागली, तर पोलादच इतके मऊ आहे की ते धार धरू शकत नाही. त्यावर दगडाचाही इलाज नाही आणि विजेच्या यंत्राचाही नाही. अशा वेळी नव्या यंत्रासाठी ठेवलेले पैसे चांगल्या पोलादाच्या एका सुरीवर खर्च करावेत, आणि जुनी सुरी पाकिटे फोडायला ठेवावी.